सकाळची दहा मिनिटं

कावीळ हा शब्द सुकन्याच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडला की अंबिकाबाईंनी सवयीनं मान डोलावली, आणि डोलावून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. नांदेडच्या दवाखान्यातली ती सात नंबरची खोली. टेबलापलीकडे विशाखा नावाची समुपदेशक मुलगी, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, केसांना साधा चाप, पुढ्यात गुलाबी कार्ड. वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या झाल्या की गरोदर बायकांना आता मनाचंही विचारतात, झोप लागते का, उगीच रडू येतं का, घरात कुणाचा धाक वाटतो का. सुकन्या पटापट उत्तरं देत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, प्रश्नांना ती कशाला घाबरेल! मग विशाखानं विचारलं की आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला बाळंतपणानंतर मनाचा काही त्रास झाला होता का, त्यासाठी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का. सुकन्या हसली. "छे हो. माझ्या वेळी आईला कावीळ झाली होती तेवढी. पाच महिने माहेरी होती बिचारी." आणि साक्ष काढावी तसं तिनं आईकडे बघितलं. आईनं मान डोलावली. विशाखानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर बाकावर येऊन बसल्या तेव्हा सोनोग्राफीचा एकोणतिसावा नंबर चालू होता आणि सुकन्याचा एक्केचाळिसावा होता. बाकाच्या टोकाला सुकन्याच्या सासूबाई, देगलूरच्या रत्नम्मा, मांडीवर पिशवी घेऊन ठाण मांडून बसलेल्या. काय विचारलं आत, म्हणाल्या. सुकन्या म्हणाली, नेहमीचंच. तीस वर्षं ही कावीळ घरात नांदत होती. लातूरच्या आडत दुकानात, नात्यागोत्यात, शाळेच्या फॉर्मवर, आणि एकदा तर सुकन्याला खरोखरची कावीळ झाली तेव्हा शेजारच्या बाईनं आईचीच उचलली म्हणून निदानही केलं होतं. त्या खोट्याचं अंबिकाबाईंना कधी फार ओझं वाटलं नव्हतं. घरातल्या जुन्या कपाटासारखं ते एका भिंतीला लागून उभं होतं, कुणाच्या पायात येत नव्हतं. पण आज ते लेकीनं खरं म्हणून सांगितलं, तिच्याच बाळाच्या कार्डावर लिहवून घेतलं, आणि आपण साक्षीला मान डोलावली.

बाळंतपण नांदेडलाच करायचं ठरलं होतं. सुकन्याला आधी रक्तदाबाचा त्रास झाला होता, डॉक्टर इथले, आणि जावई संगमेशची नोकरीही इथलीच. अंबिकाबाई बारा दिवस येणार, बारसं आटोपून लातूरला परत जाणार, मग घरात रत्नम्मा. म्हणजे उद्या काही झालंच, लेक दोन-तीन दिवस झोपली नाही, भिंतीकडे बघून बोलायला लागली, तर ते बघणार रत्नम्मा, आणि त्यांना वाटणार बाहेरचं काही लागलंय. अंगारा आणतील, दृष्ट काढतील, चार दिवस जातील. ते चार दिवस काय असतात हे या बाकावर बसलेल्या एवढ्या बायकांत एकट्या अंबिकाबाईंना ठाऊक होतं. विशाखा फक्त मंगळवारी बसते, एक वाजेपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तीस वर्षांपूर्वी घर लातूरच्या जुन्या बाजारात, खाली नवऱ्याचं, गुंडप्पांचं, आडत दुकान आणि वर दोन खोल्या. सुकन्या नऊ दिवसांची होती. अंबिकाला झोप येईनाशी झाली आणि त्याचं तिला कौतुकच वाटत होतं, एवढं काम उरकतं म्हणून. मग दुकानातल्या तुरीच्या थप्पीतून बायका बोलायला लागल्या. स्पष्ट आवाज, उदगिरी बोली, जणू माहेरच्याच. त्या म्हणत होत्या की आज नेणार, सांजेच्या आत पोर नेणार. अंबिकानं दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं तर त्यांना कळेल. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, माडीवरच्या रिकाम्या कणगीत अलगद ठेवलं आणि वर झाकण लावून त्या झाकणावर स्वतः बसून राहिली. सासूबाई ओल्या केसांनी आल्या तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. सासूबाईंनी तिला कसं ढकललं, झाकण कसं काढलं, हे अंबिकाला आठवत नाही. आठवतो तो धान्याच्या धुळीचा वास, आणि आपण किती मोठं काम केलं हा आनंद. त्या आनंदाची तिला नंतर जन्मभर भीती वाटली.

गुंडप्पांनी रेल्वेनं नेलं. दूरचं सरकारी मनोरुग्णालय, एक दिवस आणि वर थोडा प्रवास, त्या काळी लोक त्याला सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणायचे. खरं तर गुंडप्पांपुढे दुसरी वाट होती आणि ती घरातल्या सगळ्यांनी सुचवली होती. अंबिकाच्या माहेरी, उदगीरला, आजोबांची बहीण कोंडाबाई गोठ्यात असायची. तिच्या पायाला बैलाची साखळी. लहानपणी भाकरीची ताटली घेऊन अंबिकालाच धाडायचे, कारण लहान पोरीला ती मारत नसे. कोंडाबाई भाकरी घ्यायची आणि ताटलीला हात जोडायची. कशानं झालं असं, हे अंबिकानं आईला, अव्वाला, एकदा विचारलं होतं. पोर झालं आणि येडी झाली, एवढंच अव्वा म्हणाली आणि पीठ चाळू लागली. त्या पोराचं पुढं काय झालं हे विचारायची सोय नव्हती. कोंडाबाई गेली तेव्हा साखळी काढली, घासली आणि पुन्हा बैलाला लावली. गुंडप्पा लग्नात हे ऐकून होते. पाहुणे माडीवर बसून सल्ले देत होते तेव्हा हा अबोल आडत्या फक्त एवढंच म्हणाला की माझ्या घरात बायकोला साखळी लागणार नाही, आणि तिकीट काढायला गेला. परत आल्यावर गल्लीत सांगितलं, कावीळ झालीय, माहेरी सोडून आलो. त्या एका खोट्यात त्या माणसाची सगळी माया होती, हे अंबिकाबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच ते मोडायला हात धजत नव्हता.

इस्पितळाच्या दारात बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, केसांची रिबीन काढली, आणि मग गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. त्या दोऱ्यात चांदीची डबी, आणि डबीत ती सव्वा महिन्याची असताना स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग. वॉर्डात आदल्या वर्षी एका बाईनं गळ्यातल्या दोरीनं जीव दिला होता, तेव्हापासून गळ्यात काहीही ठेवायचं नाही असा नियम होता. नियम काही दुष्टपणानं केलेला नव्हता, हे अंबिकाबाई आजही कबूल करतात. पण लिंग अंगावेगळं झालं की ते परत अंगावर येईपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे तिच्या अव्वानं, अव्वाच्या अव्वानं पाळलेलं. डोक्यात तुरीच्या बायका बोलत होत्या, पोर कुठं आहे ठाऊक नव्हतं, आपण कोण हेही अधूनमधून निसटत होतं, पण हा नेम निसटला नाही. तिनं तोंड मिटलं. माझा देव दारात ठेवलाय, मी जिवंत नाही, जेवू कशी, असं ती सांगायची, आणि कागदावर लिहिलं गेलं की पेशंट स्वतःला मेलेली समजते, अन्न नाकारते, आजार बळावला. औषध वाढलं. पाचव्या दिवशी नाकातून नळी घातली. सगळं तिचा जीव वाचवण्यासाठीच चाललं होतं, आणि तिला वाटत होतं की आपला नेम मोडायला ही सगळी माणसं एकत्र आली आहेत.

एक्केचाळीस नंबर अजून लांब होता. सुकन्या मोबाईलवर शाळेच्या कुठल्याशा याद्या बघत होती, मधूनच पोटावर हात ठेवत होती. तिच्या गळ्यात तीच चांदीची डबी होती, आईनं लग्नात दिलेली, आत लिंग तिचं स्वतःचं. उद्या घरी स्वामी येणार होते. आठव्या महिन्यात पोटातल्या लेकराच्या नावानं लिंग बांधायचं, ते लहानसं लिंग अंबिकाबाईंनी लातूरहून रुमालात बांधून आणलं होतं. देवाचं सगळं कसं वेळच्या वेळी, आणि माणसाचं तेवढं राहून जातं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

अकराव्या दिवशी सिंधुबाई आली. आली म्हणजे रजेवरून परत कामावर आली. वॉर्डातली आया, काळी, उंच, घसा बसलेला, उमरीची. तिचे वडील उदगीर स्टेशनावर गँगमन होते, बालपण लिंगायत गल्लीला लागून गेलं होतं. नळी घालायला दोघीजणी हात धरत होत्या तेव्हा ती नुसती बघत उभी राहिली आणि अंबिकाच्या कानाशी येऊन विचारलं, "बाई, तुजं लिंग कुठाय?" अकरा दिवसांत पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर तिच्याकडे होतं. दारात, अंबिका म्हणाली. सिंधुबाई तशीच बड्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. चौथी शिकलेली बाई, डॉक्टरांशी बोलायची पद्धतच नव्हती. तिथं काय झालं ते तिनंच नंतर मीठमसाला लावून सांगितलं, त्यामुळे थोडं कमीजास्त धरावं. "साहेब, ही येडेपणा करून न्हाई राहिली, नेम पाळून राहिली. येडी हाय ती दुसऱ्या गोष्टीनं, ह्या गोष्टीनं न्हाई. तिचा देव तिला दावा, मग बघा." डॉक्टरांनी ऐकून घेतलं. पुन्हा विचारलं. मग कागद काढून एक ओळ खोडली. मोठा माणूस म्हणायचा तो. लिहिलेलं खोडणं कुठं सगळ्यांना जमतं?

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहा मिनिटं. दोरा मिळायचा नाही, पण सिंधुबाई स्वतःच्या ओंजळीत डबी घेऊन यायची, सोबत बेलाचं पान आणि चिमूटभर विभूती, पान इस्पितळाच्या आवारातलंच. अंबिका डाव्या तळहातावर लिंग घ्यायची, पाणी सोडायची, बघत राहायची. सिंधुबाई समोर मांडी घालून बसायची, घड्याळाकडे एकदाही न बघता. पहिल्या दिवशी पूजा झाल्यावर तिनं गार वरणभात कालवून आणला आणि म्हणाली की मी तुमच्यातली न्हाई, चालंल का. अंबिका जेवली. औषधानं तुरीच्या बायका हळूहळू दूर गेल्या, ते श्रेय औषधाचं आणि डॉक्टरांचं. पण औषध गिळायला तोंड उघडलं ते त्या दहा मिनिटांनी. महिनाभरात एक मुसलमान म्हातारी म्हणाली, हिला मिळतं तर माझा तावीज का नाही. मग कुणाची माळ, कुणाचं मंगळसूत्र, कुणाचा मेलेल्या नवऱ्याचा फोटो. सुतारकाम करणाऱ्या पेशंटांनी खणाखणांची एक लाकडी पेटी बनवली, ती वॉर्डाच्या दाराशी टांगली, प्रत्येक खणाला नाव. सकाळी सहा ते साडेसहा सगळ्या बायका आपापल्या खणातलं काढून घेऊन बसायच्या आणि एवढ्या मोठ्या वॉर्डात कुणी ओरडत नसे.

पाच महिन्यांनी गुंडप्पा न्यायला आले. सिंधुबाई फाटकापर्यंत आली, तिनं स्वतःच्या हातानं अंबिकाच्या गळ्यात दोरा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. "आता हा तुज्याजवळच ऱ्हाईल. परत इथं येऊ नगंस. आन आलीस तर मी हाय." एवढंच. अंबिकानं तिच्या पाया पडायला हवं होतं, पण गाडीची वेळ झाली होती, गुंडप्पा घाई करत होते, आणि पोरीला बघायची ओढ होती. पुढं सिंधुबाई निवृत्त होऊन उमरीला परतली, असं एकदा आलेल्या पोस्टकार्डावरून कळलं होतं. कार्ड गुंडप्पांनी वाचून दाखवलं आणि दिव्याला लावलं, सापडू नये म्हणून. उमरी नांदेडहून तासाभराच्या आतली वाट. सुकन्या इथं नांदायला आली त्याला पाच वर्षं झाली, अंबिकाबाई वीसदा तरी येऊन गेल्या, आणि उमरीची गाडी लागलेली त्यांनी स्टेशनावर डोळ्यांनी बघितली. कुठं चाललीस, लेक विचारील. कोण सिंधुबाई, विचारील. उपकाराचं नाव घ्यायचं तर आजाराचं नाव घ्यावं लागतं, म्हणून त्यांनी तीस वर्षं कुणाचेच आभार मानले नाहीत. एवढा कोतेपणा आपल्या हातून झाला, आणि रोज सकाळी लिंग हातावर घेताना ती बाई समोर मांडी घालून बसलेली असतेच.

बारा वाजून पस्तीस. अंबिकाबाई उठून जिन्याखाली गेल्या आणि लातूरला फोन लावला. मागून हमालांचा आवाज येत होता. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ऐकू आलं का, त्यांनी विचारलं. "आलं," गुंडप्पा म्हणाले. "मी कावीळ सांगितली तवा पोरगी पाळण्यात होती, अंबिका. आता तिचं लेकरू पाळण्यात यायचंय. सांग तू. खोटं कुणी बोललं विचारलं तर माझं नाव घे." आणि मग नेहमीसारखं, जेवलीस का, असं विचारलं. अंबिकाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

परत आल्या तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की सुकन्याला एकटीला बाजूला घ्यायचं. पण रत्नम्मांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून सुकन्याच्या हातात दिलेली होती आणि तिच्या सुजलेल्या पायांखाली आपली चप्पल सरकवली होती, उंचीला. ते बघून अंबिकाबाईंचं ठरवलेलं मोडलं. विहीणबाई, तुम्ही पण चला आत, त्या म्हणाल्या. तिघी सात नंबरच्या खोलीत शिरल्या तेव्हा विशाखा डबा उघडत होती. तिनं तो बंद केला.

"कावीळ नव्हती," अंबिकाबाई उभ्यानंच म्हणाल्या. "मगाशी लिहिलं ते खोडा."

मग त्या बोलत राहिल्या. कुठून सुरुवात करावी ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे कोंडाबाईची साखळी आधी आली, मग तुरीची थप्पी, मग रेल्वे. इस्पितळ सांगितलं, नळी सांगितली, नाव न घेता ती सकाळची दहा मिनिटं आणि समोर बसून राहणारी बाई सांगितली. शेवटी कणगी आली. त्यांनी लेकीकडे बघायचं टाळून टेबलावरच्या पेनाकडे बघत ते सांगितलं. सुकन्याचा हात पोटावर होता तो तिथंच राहिला.

"कणगीत का?" तिनं विचारलं, अगदी हळू.

"तुला कुणी नेऊ नये म्हणून," अंबिकाबाई म्हणाल्या. "लपवलं होतं तुला. मला तेवढंच कळत होतं, की तुला ऱ्हाऊ द्यायचं."

सुकन्यानं खुर्ची सरकवली, आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून बसली. रत्नम्मांकडे बघायची अंबिकाबाईंना हिंमत होत नव्हती. ही बाई आता काय म्हणेल. घराण्यात वेड आहे, आम्हाला फसवलं, असं म्हणायचा तिला हक्क आहे. रत्नम्मांनी पदर सावरला, घसा खाकरला.

"लिंग काढून घेतल्यावर किती दिस उपाशी ऱ्हायलात म्हणालात?"

"अकरा."

"अकरा," रत्नम्मा म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपल्या गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला. "नाकातून घातलं त्याचा दोष न्हाई धरायचा. अवो, येवढ्या आजारात नेम सांभाळला तुम्ही. मी चांगली धडधाकट असून मला जमलं नसतं." मग पिशवीत हात घालून त्यांनी डबा काढला, धपाटं आणि दही, आणि हा दवाखाना आहे, समोर समुपदेशक बसली आहे, याचा काही विचार न करता अंबिकाबाईंपुढे ठेवला. "खा आधी. तिला झोप आली न्हाई तर मी काय काय बघायचं ते समदं मला सांगा, पर खाऊन."

विशाखानं काय काय बघायचं ते सांगितलं, रत्नम्मांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि फोन नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला. मग विशाखा म्हणाली की आता कायद्यानं आणखी एक करता येतं, माणूस बरं असतानाच लिहून ठेवू शकतं की उद्या आजारी पडलो तर आपल्याला कसं वागवावं, आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं. आणि साखळी तर आता कुणालाच घालता येत नाही, गोठ्यातही नाही. सुकन्या म्हणाली, मला लिहायचंय. माझ्या वतीनं सासूबाई बोलतील. आणि माझं लिंग काढू नये. काढावंच लागलं तर रोज सकाळी दहा मिनिटं द्यावं, आणि देणाऱ्यानं समोर बसावं. शाळेत मुलांना सांगते तशा स्पष्ट शब्दांत तिनं ते सांगितलं, आणि विशाखानं वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं.

मग गुलाबी कार्ड पुन्हा पुढे ओढलं. 'नाही'ची खूण खोडली, 'होय'ची केली. त्या वेळी तुमची देखभाल कुणी केली होती, तिनं विचारलं. तसा रकाना कार्डावर नव्हता, पण विचारलं. अंबिकाबाईंच्या तोंडात धपाट्याचा घास होता. तो त्यांनी गिळला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसापुढे ते नाव घेतलं.

"सिंधुबाई. उमरीची."

"असतील का अजून?" रत्नम्मांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"मग बघायला पायजे. उद्या स्वामी येऊन गेले की निघू. असतील तर पाया पडू, नसतील तर त्यांच्या घरच्यांच्या पडू." विषय त्यांच्या बाजूनं संपला होता. त्यांनी डब्याचं झाकण पुसलं.

बाहेर एक्केचाळीस नंबर पुकारला. विशाखानं कार्ड दिलं, अंबिकाबाईंनी ते लांब धरून बघितलं. चष्मा लेकीच्या घरी राहिला होता. त्यांनी ते लेकीकडे दिलं. सुकन्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचू लागली, नंबर जातोय हे विसरून. "आईस पहिल्या बाळंतपणानंतर मानसिक आजार. पाच महिने उपचार. पूर्ण बरी." खाली समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, सिंधुबाई, उमरी.

अंबिकाबाई भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. लोकांच्या लेखी आजार कधी झालाच नव्हता, म्हणून बरी झालीस असंही त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ना नवरा, ना सासू, ना आई.

"उपचारांच्या पुढं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "पुन्हा वाच."